चौतीस वेढे

मुलुंडच्या चाचणी प्रयोगशाळेतून श्रुतिका तिसऱ्यांदा हात हलवत परतली. नापास तिने बनवलेला चार्जर झाला होता, पण तोंड तिचं उतरलं होतं. ई-रिक्षाच्या त्या चार्जरमधलं पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट सेकंदाला पासष्ट हजार वेळा चालू-बंद व्हायचं आणि त्याची विद्युत खरखर विजेच्या तारांमधून उलटी बाहेर पडायची. ती अडवायला फिल्टर होता. तरी वरच्या फ्रिक्वेन्सीवर आलेखाची रेघ डोंगरासारखी वर चढून मर्यादा ओलांडतच होती.

"फिल्टर मोठा कर ना," ती काम करायची त्या अंधेरीच्या कारखान्याचे मालक मुकुल सर म्हणाले.

तिने फिल्टरमध्ये जास्त वेढ्यांची, मोठी चोक, म्हणजे खरखर अडवणारं तारेचं वेटोळं, बसवली. चार्जरचा डबा बंद होईना, आणि कारखान्यातच मोजून पाहिलं तर खरखर उलट वाढली होती!

शेवटी ती नलिनीताईंच्या टेबलाशी गेली. ताई पंचवीस वर्षं तिथे बसून फेराइटच्या चुंबकीय कड्यांवर तांब्याची तार गुंडाळून अशा चोक बनवत होत्या.

"तू दोन थर दिलेस," ड्रॉइंगवर बोट ठेवून ताई म्हणाल्या. "पहिला वेढा नि शेवटचा वेढा एकमेकांना खेटून बसतात. मग तुझी खरखर सगळी तार फिरून कशाला जाईल? मधूनच उडी मारते. एकच थर दे, आणि दोन टोकांत बोटभर जागा सोड."

"पण ताई, मग चौतीसच वेढे बसतील. पहिल्या चोकलाही बेचाळीस होते."

"बसूंदेत गो. करून तर बघ."

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? नापास होऊन आलेला प्रत्येक नग मी उकलून बघते."

श्रुतिका आपल्या टेबलाशी परतली. तिने पुन्हा हिशोब मांडला. खालच्या फ्रिक्वेन्सीवर फिल्टरची ताकद गरजेपेक्षा जास्तच होती. आठ वेढे गेले तरी चालणार होतं. हे तिला इतके दिवस सुचलं नव्हतं.

चौथ्या खेपेला नवी चोक बसवून ती ताईंना सोबत घेऊन मुलुंडला गेली. डबा सहज बंद झाला होता. पडद्यावर रेघ सरकत गेली आणि शेवटपर्यंत मर्यादेच्या खाली राहिली.

"ह्यातला आपला डोंगर कुठचा?" ताईंनी विचारलं.

"इथे होता. तुम्ही सपाट केलात."

ताईंनी डबा उघडायला लावला आणि चोकवर अंगठा फिरवला.

"एक वेढा सैल पडलाय," त्या म्हणाल्या. "उद्या दुसरी करून देते."