आपण सुरक्षित आहात

सुगतनं उन्हापासून जीव वाचवणारं ॲप बनवलं, आणि त्या उन्हाळ्यात त्याच्या आत्याच्या गावात ऊन लागून पडलेला पहिला माणूस तो स्वतःच निघाला. आता तो हे हसून सांगतो. तेव्हा मात्र हसू यायला बरेच दिवस लागले.

तो लहानाचा मोठा झाला जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आणि नोकरीला होता नागपुरात, एसीत. त्या गारव्यातच त्यानं 'सावली' रचलं. पारा चढला की पडदा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल व्हायचा आणि खाली अक्षरं यायची : 'अनावश्यक बहिर्गमन टाळावे.' 'बहिर्गमन' हा शब्द त्यानं खास शोधून काढला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. साहेब म्हणाले, आधी गावात चालवून बघा. म्हणून भर मे महिन्यात सुगत लाखनीच्या आतल्या अंगाला असलेल्या गावी, मालनआत्याकडे आला.

आल्या दिवशी संध्याकाळी त्यानं मोहल्ल्यातल्या बायकांना जमवून अकरा फोनांत ॲप टाकलं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला लाल इशारा सोडला. कोणी फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहाटे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बायका साडेनऊलाच परतल्या होत्या आणि पडवीत बसून पानांचे पुडे बांधत होत्या.

"तुम्ही पाहिलं नाही काय? बाहेर जाऊ नका म्हणून आलं आहे," सुगत म्हणाला.

"मंग आमी कुठी गेलो?" शेजारची रुखमा म्हणाली. "या टायमाले बाहेर कोन जाते बाप्पा? येडा असन तोच."

पण उन्हात फिरणारा एक तरी फोन असल्याशिवाय चाचणी होणार कशी? तेव्हा एक वाजता सुगत स्वतःच निघाला. गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पाळीवर गेला. बोडी आटून तळाला भेगा पडल्या होत्या, आजूबाजूला झाड नव्हतं. चाचणीला जागा झकास. पाच-सात मिनिटांत फोन तापला आणि ॲप उघडेचना; पडद्यावर एवढंच आलं, की फोन थंड झाल्यावर वापरा. सुगतनं डोक्याचा दुपट्टा सोडून फोनभोवती गुंडाळला. तरी भागेना. मग बाटलीतलं पिण्याचं पाणी त्या दुपट्ट्यावर ओतलं. फोन गार झाला. सुगत आडवा झाला.

सुटून पळालेल्या बकऱ्या पाहायला निघालेल्या रुखमानं त्याला पाहिलं आणि आरोळी ठोकली, "मालनबाई वो! तुमचा भाचा पाळीवर पडून हाये!"

चार जणींनी त्याला उचलून मोहाच्या झाडाच्या सावलीत नेलं, अंगावर घागर रिकामी केली आणि ऑटोत घालून दवाखान्यात पोचवलं. सलाइन चढत असताना डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?"

"उन्हापासून वाचायचं ॲप बनवतो."

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी कागदावर फक्त 'खाजगी नोकरी' लिहिलं. त्या माणसाचे उपकार सुगत अजून मानतो.

दुसऱ्या दिवशी घरी आत्यानं त्याला दुपारपर्यंत खाटेवरून उठू दिलं नाही. दुपारी दोनला तीच डोक्यावर पदर घेऊन, हातात तांब्या घेऊन निघाली.

"आत्या, आता कुठी जाऊन राहिली?"

"डोमाजीकडे. तीन घरं सोडून तर हाये. चाल, तूही पाह्य."

डोमाजी ऐंशीच्या घरातले. मुलगा चिखल्याच्या खाणीत कामाला, तिकडेच राहायचा. वर टिनाचं छप्पर, एकच खिडकी, तीही बंद. दारात पाय ठेवताच सुगतला चुलीत डोकं घातल्यासारखं झालं. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता.

"पानी पेले का?" आत्यानं विचारलं.

"तहान नाई लागली."

"तहान लागाची वाट पाहून राहिले काय?" असं म्हणत तिनं तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. घटाघटा अर्धा तांब्या संपला. मग सुगतकडे वळून म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाले तहान समजत नाई. जंगलात जानाऱ्याले ऊन माहीत असते रे. जीव जाते तो असा घरात, टिनाखाली."

सुगतनं फोन काढला. ॲपचा पहिलाच प्रश्न होता, 'आपण बाहेर जाणार आहात का?' त्यानं डोमाजींच्या वतीनं 'नाही' दाबलं. पडदा छान हिरवा झाला : 'आपण सुरक्षित आहात.' त्यानं तो कोणाला दिसू नये म्हणून पटकन खिशात घातला.

पुढचे आठ दिवस त्यानं मोडतोड केली. रंग गेले, प्रश्न गेले, बहिर्गमनही गेलं. उरला फक्त एक आपोआप जाणारा फोन. दुपारी एकला तो म्हाताऱ्या माणसाच्या शेजाऱ्याला जायचा, बटणाच्या फोनवरही वाजायचा. त्यातला आवाज रेकॉर्ड करायला त्यानं आत्याला कागद दिला : 'आपल्या शेजारील ज्येष्ठ नागरिकांची विचारपूस करावी.'

"हे असं कोन बोलते?" तिनं कागद बाजूला ठेवला आणि फोनवर ओरडली, "काय करून राहिली वो? बाजूच्या म्हाताऱ्याले पाहून ये. समोर उभी राहून पानी पाज. मंग एक नंबर दाब. न जाता दाबशीन तर मी येतो तिथी!"

लोकांनी तक्रारी केल्या, की मालनबाई रोज रागावते. पण बटण दाबायचे, आणि जाऊन आल्यावरच दाबायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात रुखमाला फोन गेला तेव्हा ती पुडे बांधत होती. कुरकुरत उठली. डोमाजी जमिनीवर पडले होते, अंग तापलेलं, बोलणं बरळल्यासारखं. वेळेवर पाणी ओतलं, वेळेवर ऑटो मिळाला. चौथ्या दिवशी म्हातारा घरी आला आणि तहान लागलीच नव्हती, असं पुन्हा सगळ्यांना सांगू लागला.

पावसाळ्यात नागपूरला बैठक झाली. साहेबांनी विचारलं, ही कल्पना सुचली कशी? सुगतनं दुपट्टा, बाटली, पाळ, सलाइन, सगळं स्वतःच आधी सांगून टाकलं. मालनबाई हट्टानं सोबत आली होती आणि शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिनं सांगायला घेतलं असतं, तर बराच वेळ लागला असता.