धरून चालायची भिंत

"माईक दुसऱ्याच्या तोंडाशी आणि डोळे टेबलाकडे. टेबलावर दोनदा बोट वाजलं की आवाज खाली घ्यायचा. झटक्यात नाही रे बाबा! साखर विरघळते ना पाण्यात, तसा. बोलणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपलाच घसा बसला."

माईकचं काम शिकवणाऱ्या उस्तादांना जाऊन किती तरी वर्षं लोटली होती. तरी मिक्सरची पेटी उघडली की त्यांचं हे सांगणं आधी बाहेर येई, मग वायरी. आजही आलं. त्यानं सभागृहाच्या कडेनं वायर सोडली, कुणाचा पाय अडकू नये म्हणून चिकटपट्टीनं जमिनीला पक्की केली, माईक स्टँडवर बसवला आणि वाकून म्हणाला, "हॅलो. हॅलो, चेक."

"बोला, बोला, ऐकतोय!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

त्याला हे नवीन नव्हतं. सगळं शहर त्याला 'हॅलो' म्हणूनच ओळखत होतं. जनसुनावणी असो, शोकसभा असो, शाळेचा बक्षीससमारंभ असो, "त्या हॅलोला सांगा" म्हटलं की काम झालं. बायको पूर्वी म्हणायची, "आयुष्यभर नुसतं हॅलो, हॅलो. पुढचं वाक्य कधी सुचणार तुम्हाला?"

आता एवढं लांब वाक्य तिला बोलता येत नव्हतं.

आज ती पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली होती. शेजारी त्यांच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे. बायकोचा उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. ओठ मात्र हलत होते. पाठ म्हणत होती.

अर्धांगाचा झटका आला तो उजव्या अंगावर आणि बोलण्यावर. शब्द आत सगळे शाबूत होते, पण दाराशी येऊन थांबायचे. बाहेर पडायला लाजायचे. डॉक्टर म्हणाले, चाला. तर कुठं चालायचं? रस्त्यावर गाड्या, गल्लीत खड्डे. घराच्या मागं कालवा होता. त्याच्या काठानं मातीची पायवाट आणि पायवाटेला लागून कमरेइतकी जुनी दगडी भिंत. एका सकाळी ती एकटीच उठून गेली आणि डावा हात भिंतीवर ठेवून चालू लागली. जाताना भिंतीच्या अलीकडून, टोकाला वळसा घालायचा आणि येताना पलीकडून. म्हणजे भिंत जाता-येता डाव्याच हाताला. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. गरज शिकवते.

मग तो नेमच झाला. अंगात कणकण असली तरी मोडला नाही. देवाचं नाव मनात आणि भिंत हातात, एवढ्यावर ती रोज त्या वाटेनं जाऊन येई. तिथल्या दगडांवर एका उंचीला तिच्या तळव्यानं तुळतुळीत पट्टा आला होता. त्यानं सुरुवातीला आधाराला हात पुढं केला, तर तिनं मान हलवली होती. "नको. एक... टी."

गल्लीच्या तोंडाशी सूचना लागली: कालव्याकाठी सायकलींसाठी आणि चालणाऱ्यांसाठी रुंद फरसबंद मार्ग होणार, नागरिकांनी आपलं म्हणणं मांडावं. सिस्टरनी ती घरी येऊन सांगितली. भिंत त्यात जाणार होती.

"मांडून काय होणार?" तो म्हणाला. "मी जन्मभर ऐकत आलोय. पालथ्या घड्यावर पाणी."

बायकोनं डाव्या हातानं स्वतःच्या छातीवर थाप मारली. "मी... बोलणार."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तालीम. भिंत पाडू नका. मी धरून चालते. एकटी. एवढंच. 'धरून'पाशी तिची गाडी अडायची. कपाळावर घाम यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग तो शब्द एकदम सुटून बाहेर पडायचा. तो म्हणायचा, "घाई नको करूस. माईक माझ्याकडे आहे. हवा तेवढा वेळ घे."

सभा सुरू झाली. बागखात्याचे साहेब टेबलामागं बसले. शहराचा आराखडा करणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर हिरवी रेघ दाखवली आणि मनापासून म्हणाल्या, "बागा तुमच्या, वाटा तुमच्या. तुम्ही सांगाल तसं करायचंय. अगदी मोकळेपणानं बोला."

लोक मोकळेपणानं बोलले. एकाला कुत्र्यांसाठी वेगळी जागा हवी होती. दुसऱ्याला कुत्रीच नको होती. दोघं इतके जुंपले की मागून कुणी म्हणालं, "अहो, कुत्र्यांना तरी बोलावून विचारा!" एका आजोबांनी हास्यमंडळासाठी छप्पर मागितलं, आणि मागता मागता सुनेच्या स्वयंपाकावर घसरले. साहेबांचं बोट टेबलावर दोनदा वाजलं. हॅलोनं पेटीवरची आवाजाची सरकती कळ हलकेच खाली ओढली. आजोबांनी घसा खाकरला, पाणी मागितलं आणि जाऊन बसले. कुणाला काही कळलं नाही. हात सरावाचा होता.

मग सिस्टरनी बायकोला धरून माईकपाशी आणलं. त्यानं जागेवरून उठून स्टँड तिच्या उंचीचा केला, परत पेटीपाशी आला आणि कळ थोडी वर नेली.

"भिंत," ती म्हणाली. सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून तिचा आवाज परत आला. किती दिवसांनी एवढा मोठा! "भिंत... पाडू नका."

सभा शांत झाली. मॅडमनी मान वर केली.

"मी," ती म्हणाली, आणि थांबली.

तो मनातल्या मनात म्हणत होता, धरून, धरून. तिचे ओठ जुळले, सुटले. कपाळावर घाम आला. मागं रांगेत उभा असलेला माणूस घड्याळ बघू लागला. कुणी खोकलं. कुठं खुर्ची सरकली. त्याचे डोळे सवयीनं टेबलाकडे गेले होते.

साहेबांचं बोट दोनदा वाजलं.

ते इशाऱ्याचं होतं, की नुसतं कंटाळून वाजलं, देव जाणे. पण त्याचा हात कळेवर होता, आणि हात त्याचा नव्हताच. तो उस्तादांचा होता, टेबलाचा होता. कळ खाली गेली. साखर विरघळावी तशी.

आणि त्याच वेळी तो शब्द सुटला. त्याला ओठांवरून कळलं. धरून चालते. एकटी. तिनं सगळं म्हटलं, पुन्हा एकदा म्हटलं, नकाशाकडे बघून म्हटलं. सभागृहात पंख्यांचा आवाज येत होता. कळ वर न्यायला हवी हे त्याला कळेपर्यंत ती वळली होती.

"धन्यवाद ताई," साहेब म्हणाले. "पुढचे?"

सिस्टर तिला खुर्चीकडे नेताना त्याच्याकडे एकदाच बघून गेल्या. त्या बघण्यापेक्षा त्यांनी चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

सभा संपल्यावर वायरी गुंडाळताना मॅडम जवळ आल्या. "त्या पहिल्या रांगेतल्या बाई भिंतीचं काय म्हणत होत्या हो? शेवटचं ऐकूच आलं नाही. रेकॉर्डिंगवरून काढू आपण."

"रेकॉर्डिंग याच पेटीतून जातं, मॅडम. त्यात नाहीये."

"का?"

"मी आवाज खाली केला."

"अहो, पण का?"

त्यानं टेबलाकडे बघितलं. साहेब चहा पीत कुणाशी तरी हसत होते. मॅडमनीही तिकडं बघितलं. मग त्यानं घाईघाईनं सांगून टाकलं: ती भिंत, तो डावा हात, तो वळसा. त्याच्याच कानाला आपला आवाज परका लागत होता. मॅडमनी ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत कळकळ होती.

"मी बघते," त्या म्हणाल्या.

सरकारी सभागृहात हे दोन शब्द त्यानं इतके ऐकले होते की त्यांचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता.

घरी आल्यावर बायको पलंगाच्या कडेला बसली. तोंडावर उजेड होता. "बोलले... ना मी?"

"बोललीस."

"सगळं?"

"सगळं."

ती हसली. अर्ध्याच ओठांनी, पण हसली. त्या संध्याकाळी तिनं दोन घास जास्त खाल्ले. तो तिच्यासमोर बसून राहिला. आपलं ताट त्यानं तसंच झाकून ठेवलं.

पावसाळा संपल्यावर यंत्र आलं. ती चालायला निघाली होती. वाटेच्या तोंडाशी दोरी बांधलेली आणि पलीकडे पिवळं धूड भिंतीला ढुशा देतंय. दगड फारसा त्रास न देता पडत होते. जुनी माणसं मरतात तसे. ती दोरीला धरून उभी राहिली. कामगार म्हणाला, "मावशी, मागं व्हा. रस्ता चांगला होणारे तुमचा."

रस्ता चांगलाच झाला. गुळगुळीत, रुंद, दोन्ही बाजूंनी छोटी रोपं. पहिल्या दिवशी ती गेली. त्यानं लांबून पाहिलं. फरशीच्या मधोमध ती उभी होती, डावा हात बाजूला पसरलेला, बोटं काहीतरी शोधत होती. मागून सायकलची घंटी वाजली. ती दचकली, हात तसाच हवेत. सायकलवाला वळसा घालून गेला; सभ्य मुलगा होता, "सॉरी, काकू" म्हणाला. ती बराच वेळ तशीच उभी होती. शेवटी त्यानं जाऊन तिचा हात धरला, आणि या वेळी तिनं नको म्हटलं नाही. नको म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सिस्टर येऊन रागावल्या, गोड बोलल्या, पुन्हा रागावल्या. "अगं, बसून राहिलीस तर पाय लाकडाचा होईल." ती छताकडे बघत राही. शब्दही आत जाऊन बसले. पाणी हवं असलं तर भांड्याकडे बघायची.

"भाऊ," सिस्टर एकदा दारात त्याला म्हणाल्या, "पायाचं मी बघितलंय पुष्कळ. हे पायाचं नाही."

एके दुपारी तो तिचा हात चोळत बसला होता. ती एकदम म्हणाली, "मी... सांगितलं... होतं."

"हो."

"मग?"

तो चोळायचा थांबला. खोटं बोलायला जीभ तयार होती. एकदा बोललेलं पुन्हा बोलायला काय लागतं? पण ती त्याच्याकडे बघत होती. देवाकडे बघावं तशी, उत्तराची घाई न करता.

"नाही ऐकू गेलं कुणाला," तो म्हणाला. "भिंत पाडू नका, एवढंच गेलं. का, ते नाही गेलं. साहेबांनी बोट वाजवलं आणि मी आवाज खाली केला. माझ्याच हातानं. तुला कळलं नाही, कारण... तसाच करतो मी. कुणालाच कळत नाही."

तिनं हात काढून घेतला. डावा हात, तेवढाच तिला काढून घेता येत होता. तोंड भिंतीकडे फिरवलं. तो तिथंच बसून राहिला. चहाची वेळ टळली, दिवे लागले. तो म्हणत होता, "मार मला. काहीतरी बोल."

मग पाठमोरीच ती म्हणाली, "अजून... किती?"

"काय किती?"

"माणसं. आवाज... खाली."

त्याला मोजता आलं नसतं. आजोबा आठवले, पाणी मागणारे. शाळेच्या मैदानासाठी रडलेली एक बाई आठवली. तळ्याकाठच्या झाडांबद्दल बोलणारा एक तोतरा माणूस. सगळे घसा खाकरून खाली बसलेले.

"पुष्कळ," तो म्हणाला.

"आता... नको. कुणाचा... च नको."

"काम जाईल गं. दुसऱ्या दिवशी दुसरा माईकवाला आणतील ते. आणि मी कळ खाली नाही ओढली म्हणून काही बदलणार नाहीये. नकाशे आधीच झालेले असतात."

"माहितीये." हा शब्द मात्र अखंड आला. मग खूप वेळानं, "तरी."

"बरं," तो म्हणाला. "नाही करणार. शब्द दिला."

तिनं मान वळवली नाही.

त्यानंतर ती काही सुधारली नाही. कूस बदलायलाही आता सिस्टरची मदत लागे. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, आणि बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यावरून त्याला कळलं.

थंडी सरता सरता खात्यातून फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवरच्या पायवाटेची सुनावणी होती. साहेब तेच. "वेळेत या हॅलो. लोक तापलेले आहेत तिकडचे. जरा सांभाळून घ्या, तुम्हाला सांगायला नको."

"येतो," तो म्हणाला.

सकाळी त्यानं तिचं तोंड पुसलं, केस विंचरले, उशी सरळ केली. सिस्टर शेजारी येऊन बसल्या. तो म्हणाला, "येतो गं. सभा आहे. दिलेला शब्द लक्षात आहे." तिच्या पापण्या हलल्या की नाही, सांगता आलं नसतं. त्यानं पांघरूण नीट केलं. मग मिक्सरची पेटी खांद्याला अडकवली, पायांत चपला सरकवल्या आणि निघाला.