डाळिंबी दोरा

घरातल्या प्रत्येक मुलीनं गौरीहराला बसताना नेसायची ती डाळिंबी नऊवारी मंगलानं रफू करून आणून दिली, आणि कमलाक्षीच्या पोटात जे दुखू लागलं ते काही केल्या थांबेना.

मंगला तिची धाकटी जाऊ. सुई कशी धरायची हे तिला कमलाक्षीनंच शिकवलेलं. तीस वर्षं ह्या घराण्यातलं फाटकं-विरलेलं कमलाक्षीच्याच हाताखालून गेलं होतं. असं रफू अख्ख्या तंजावुरात कुणाला जमत नाही, हे चारचौघांत सांगायचीही तीच. आणि आता परवावर आलेलं लग्न कुणाचं, तर खुद्द तिच्या नंदिताचं; अन् त्या कार्टीनं नऊवारी नेऊन दिली कुणाला, तर मंगलाला!

"आई, तुज नीट दिसत नाही," नंदिता म्हणाली होती. "मंगलाचित्ती करत्ये म्हणाल्या. पोदुम, पुरे आता, कशास भांडतेस?"

दिसत नाही म्हणे! कमलाक्षीनं चष्मा पुसला, नऊवारी खिडकीशी नेली आणि ती चूक शोधायला बसली. चूक सापडेना. पदराखालचं वीतभर विरलेलं रेशीम असं भरून निघालं होतं की बोट फिरवल्यावरच कळावं. तिचा नुसता जळफळाट झाला. इतकं चांगलं काम करायला मंगलाला सांगितलं होतं कुणी?

मग एकदम तिच्या लक्षात आलं. ह्या नऊवारीला बाहेरचा दोरा लावायचा नाही, असा घरचा नेम होता. तिच्याच आतल्या टोकाचे धागे ओढायचे आणि त्यांनीच भोक भरायचं. पण ते टोक तर संपलं होतं. शेवटचे धागे बारा वर्षांपूर्वी पुतणीच्या, कविताच्या लग्नात कमलाक्षीनंच काढले होते. आणखी ओढले असते तर नेसायला कापड पुरलं नसतं. म्हणजे मंगलानं बाजारातून रीळ आणलं!

कमलाक्षीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. संध्याकाळी पाहुणे जमले की सगळ्यांसमोर दाखवायचं. पुरावा हवा म्हणून तिनं छोटी कात्री घेतली आणि कडेचा एक धागा उचलला. तो तुटला. दुसरा उचलला. हात थांबेना, बघता बघता चार बोटं रफू उसवलं.

एक लांबसा धागा तिनं तळहातावर ठेवला. रिळावरचा दोरा रफूतून उसवला तरी सरळ पडतो. हा पडला बारीक नागमोडी. कापडातून ओढून काढलेला धागाच तसा पडतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

डाळिंबी, जुनं, त्याच पोताचं रेशीम. असं रेशीम घराण्यात आणखी दोनच ठिकाणी होतं. सासूबाईंनी दोघी सुनांना लग्नात ह्याच रंगाची, त्याच विणकराकडची लुगडी घेतली होती. कमलाक्षीचं पेटीत घडीसुद्धा न मोडता तसंच होतं. म्हणजे मंगलानं स्वतःच्या लग्नाचं लुगडं उसवलं होतं.

तिला लाज वाटली. खरं सांगायचं तर आधी रागच आला, की हे आपल्याला का नाही सुचलं. लाज मागून आली.

तिनं पेटी उघडली, आपलं लुगडं बाहेर काढलं, टोकाचा एक धागा ओढला आणि सुई घेतली. एकदा, पाचदा, दहादा. नेढं काही सापडेना. नंदिता खोटं बोलली नव्हती.

दोन्ही वस्त्रं छातीशी धरून ती मागच्या गल्लीत मंगलाकडे गेली. मंगला चिंच निवडत बसली होती. नऊवारी पाहताच तिचा हात थांबला.

"हे कोणी उसवलं, अक्का?"

"मी."

"चार दिवस बसले होते मी ह्यास. मान अवघडून गेली. का उसवलंत?"

"मजपेक्षा बरं झालेलं, म्हणून."

मंगला उठली. चिंचेचे हात धुऊन आली, आणि स्वतःचं लुगडं काढायला कपाटाकडे वळली.

"ते राहू दे," कमलाक्षी म्हणाली. न ओवलेली सुई आणि आपलं लुगडं तिनं मंगलापुढे धरलं. "आता ह्यातून काढ. तूच कर."