थांबलेले पंखे

"वाऱ्या, थांब!"

भगव्या कफनीतल्या बाबांनी हात वर केला आणि कोंबड्यांच्या शेडमधले सगळे मोठे पंखे घरघर करत थांबले. दाराशी जमलेली गर्दी आ वासून बघत राहिली. आत कोंबड्या चोची उघडून धापा टाकू लागल्या. मी जनावरांचा डॉक्टर. परवा दुपारी असेच पंखे थांबून निम्म्या कोंबड्या मेल्या, तेव्हा त्या पुरताना खड्ड्याशी मी उभा होतो. मला चमत्काराचं कौतुक वाटेना.

शेडचा मालक पंख्यांच्या खटक्याकडे धावला, तसे बाबा गरजले, "हात लावशील तर उरलेल्याही जातील! यांना शाप आहे. इथे एकटीच उभी राहून कोण म्हणालं, 'या कोंबड्यांनी माझ्या लेकाची झोप खाल्ली, मरून जाऊ देत एकदाच्या'?"

सगळ्यांच्या नजरा मालकाच्या आईकडे वळल्या. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणाले होते मी," ती पुटपुटली. "पण तेव्हा इथे कोणीच नव्हतं."

"आम्ही सगळीकडे असतो! हिला आजच्या आज घराबाहेर काढ."

सून सासूच्या कपड्यांची पिशवी घेऊनही आली. "थोडे दिवस मावशीकडे राहा," मुलगा म्हणाला, तेही आईकडे न बघता. चांगला शिकलासवरलेला माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी मोबाइल काढला. इथल्या सगळ्या शेडचे पंखे इंटरनेटवर चालतात, कॅमेरेही. त्या कॅमेऱ्यांना कान असतात, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. कोणी लग्नाकार्याला गेलं तर शेजाऱ्याने लक्ष ठेवावं, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच पासवर्ड ठेवलेला. तो मला ठाऊक, तसा खाद्य पोचवणाऱ्या ड्रायव्हरलाही. आणि तो ड्रायव्हर हल्ली बाबांचा शिष्य झाला होता. आत्ताही त्यांच्या मागेच उभा होता, एक हात झोळीत घालून.

अॅपमध्ये त्या घडीला दोनच मोबाइल जोडलेले दिसत होते. त्यातला एक माझा. मी पासवर्ड बदलला, दुसऱ्याला बाहेर काढलं आणि पंखे सुरू केले.

"बाबा, आता थांबवा बरं पुन्हा."

बाबांनी हात उचलला, डोळे वटारले, घसा बसेपर्यंत ओरडले. पंखे आपले फिरत राहिले. शिष्याने घाबरून मोबाइल बाहेर काढला, तो मालकाने हिसकावला. पडद्यावर लिहिलं होतं : पासवर्ड चुकीचा. म्हातारीचे ते शब्दही, तिच्याच आवाजात, त्यात साठवलेले सापडले. शाप उतरवून घ्यायला साऱ्या शेडवाल्यांनी बाबांकडे रांग लावली होती, ती या चलाखीमुळे.

पोलीस दोघांना घेऊन गेले. मुलगा आईच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाला. तिने ती सोडली नाही.

"डॉक्टर, माझ्या बोलण्याने नाही ना मेल्या त्या?"

"नाही हो आजी. वारा बंद केला, म्हणून मेल्या."

"मग हे माझ्या लेकाला सांगा," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन रस्त्याला लागली.

सांगतो आहे. त्यालाही, तुम्हालाही. कोणी तुमच्या घरातलं गुपित ओळखलं, तर पाया पडण्याआधी ऐकत कोण होतं ते शोधा. पासवर्ड ज्याचा त्याने ठेवा. आणि आईला घराबाहेर काढण्याआधी निदान खटका तरी दाबून बघा.