रफिक तांडेलाची तार

रफिक तांडेलाचं डोकं दुपारपासून तापलं होतं. जेटीवर कुणीतरी तोंडावर म्हणालं होतं, की तुझा फैझान तुझीच बोट घेऊन दिव्यांची मासेमारी करतोय. बंदी असलेली मासेमारी! पाण्यावर प्रखर दिवे सोडायचे आणि भुलून आलेली मासळी पिल्लांसकट उपसायची. या हलकटपणाविरुद्ध रफिकने आयुष्यभर घसा फोडला होता. "माझा पोर असलं करणार न्हाय," असं तो तिथं ओरडून आला खरा, पण फैझानच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडेना.

फैझान समुद्रात होता आणि मोबाईलला तिकडे रेंज नव्हती. बोटीवर एकमेकांशी बोलायचा सीबी रेडिओ होता आणि घरीही तसाच एक होता. फक्त घरच्याची अँटेना वादळात गेली होती. म्हणून म्हसळ्याहून आणलेली तार घेऊन रफिक अंगणात उतरला. दोन माडांच्या मध्ये ताणलेली तार, मधोमध तोडलेली, आणि तिथून घरात जाणारी केबल. एवढंच काम होतं. ते झालं, तरी रेडिओ नुसता खरखरत राहिला.

"अब्बा, तार लांब झालीय," लेक सिदरा मोबाईलवर आधी उतरवून ठेवलेलं माप बघून म्हणाली. "एकेक बाजू पावणेतीन मीटरला थोडी कमीच पायजे. उरलेली तुम्ही टोकाला गुंडाळलीत, ती कापा."

"कापा? आम्ही कधी दोर कापला न्हाय. उरलेला गुंडाळून ठेवायचा, अडीनडीला लागतो."

"हा दोर न्हाय, अब्बा."

"तू मला शिकवू नको!"

त्याने पक्कड आपटली. पण ती खरखर ऐकून तो आणखीच भडकला, पक्कड उचलली, आणि तारेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत दोन्ही टोकं छाटली.

आत रेडिओ बोलू लागला. आवाज फैझानचाच होता. दुसऱ्या बोटीला तो सांगत होता, "मगरिब झाली, अंधार पडला की दिवे सोडू. तू पण इथंच ये. अब्बांच्या खुणेवर हाय मी, मासळी मजबूत हाय."

रफिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किनाऱ्याकडे बघून मासळीची जागा ओळखायची ती खूण त्याला त्याच्या बापाने दिली होती. त्याने ती सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती, फक्त फैझानला सांगितली होती. आणि या नालायकासाठी तो चारचौघांत भांडून आला होता! त्याने माइकचं बटण दाबलं.

"सगळ्या बोटींनी ऐका. मी रफिक तांडेल. मशिदीचा मिनार डोंगराच्या खिंडीत आणा, पडका बुरूज माडांच्या आड जाऊ द्या. तिथं माझा फैझान चोरी करतोय. गस्तवाल्यांना कळवा. बोट माझ्या नावावर हाय, बेशक जप्त करा."

"अब्बा, आपण खायचं काय?" सिदरा रडकुंडीला आली.

बटण दाबलेलं असेपर्यंत पलीकडचं काही ऐकू येत नाही. रफिकने ते दाबूनच धरलं. पोराने तिकडून एकदा 'अब्बा' म्हटलं असतं, तर तो विरघळला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने खूण पुन्हा एकदा सांगितली, या वेळी सावकाश.