एका बाजूचे प्लास्टर, दोन गाण्यांचा गोळा

बालमित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. एक काळ असा होता की मी सकाळी चालू झालो नाही, तर अर्ध्या गावाला जेवता येत नसे. हसा, हसा. दात असलेली माणसे हसतातच.

मी एक जुना संगणक आहे. रंगाने कधीकाळी पांढरा होतो, आता चहाच्या कपाच्या आतल्या बाजूसारखा झालो आहे. माझा पंखा कण्हतो, पोटातली डिस्क टिकटिकते, आणि चालू झालो की जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा बराच वेळ नुसता धापा टाकतो. दमलो आहे मी. पण गप्प बसवत नाही. माझ्या शेजारी फळीवर हा राऊटर बसलेला असतो, म्हणजे घरभर इंटरनेट वाटणारी ती लुकलुकत्या दिव्यांची डबी. तो दिवसभर हूं की चूं करत नाही. मग बोलायचे कोणी?

माझी पहिली अकरा वर्षे एका कचेरीत नकाशे काढण्यात गेली. तिथे एकदा मी चुकून एक नदी डावीकडे वळवली. दोन वर्षांनी खरी नदीसुद्धा तिकडेच वळली. ते असो. पुढे नवे संगणक आले, आणि मी मोडीत निघालो. त्याच कचेरीत नकाशे काढणाऱ्या एका मुलीने अर्ज करून मला मागून घेतले, स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीने बांधले आणि तिच्या वडिलांपुढे नेऊन ठेवले.

तिचे वडील दातांच्या कवळ्या करीत. लोक त्यांना कवळीकाका म्हणत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे काम चाले. एक लांब टेबल, प्लास्टरची पोती, घासायचे चाक, कवळ्या उकळायचे पातेले, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर रांगेने मांडलेले पांढरे जबडे. शंभर जबडे, पण बोलणारा एकही नाही. अशा खोलीत गाणी लागतातच.

काकांकडे दोनशे चौदा कॅसेटी होत्या. फिती झिजलेल्या, गुंतलेल्या, पेन्सिल घालून गुंडाळलेल्या. त्या सगळ्या माझ्यात उतरवायच्या ठरल्या. ह्या कामात घाई चालत नाही, मित्रांनो. अर्ध्या तासाची बाजू उतरवायला अर्धा तासच लागतो. लेकीने काकांचा टेपरेकॉर्डर मला जोडून दिला, आणि आठ महिने मी एकेक कॅसेट ऐकत, गिळत बसलो. काका बाजू उलटायला उठायचे आणि जाता जाता माझ्या डोक्यावर थाप मारायचे. आजवर मला मिळालेली शाबासकी म्हणाल तर तीच.

आता एक गुपित. काकांचा तो टेपरेकॉर्डर सुस्त होता. मोटर म्हातारी झाली होती, चाक हळू फिरे. चार मिनिटांचे गाणे साडेचार मिनिटे चाले, आणि गायिका थोड्या जाड आवाजात गाई. लेकीच्या ते लगेच लक्षात आले.

"बाबा, हिला सर्दी झालीय."

"तीस वर्षं मी हिला अशीच ऐकतोय," काका म्हणाले. "सर्दी असलीच तर जुनी आहे. राहू दे."

तर ती सर्दी तशीच माझ्या पोटात उतरली.

काकांची कामाची रीत मात्र तुम्ही नीट समजून घ्या. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचे माप पाठवतात. त्या मापात प्लास्टर ओततात. ते लवकर काढले तर दाताची टोके मोडतात, उशिरा काढले तर मापाला चिकटून बसते. काका कॅसेटची एक बाजू लावायचे. बाजू संपली की प्लास्टर तयार. मग गुलाबी पावडर आणि पातळ औषध कालवून हिरडीचा गोळा करायचा. तो आधी बोटांना चिकटतो, मग कणकेसारखा मऊ होतो, आणि पाहता पाहता रबर होऊन बसतो. मधली ती मऊ घटका तेवढी साधायची असते. काका गोळा झाकून ठेवायचे, दोन गाणी ऐकायचे, आणि दुसऱ्या गाण्याचा शेवटचा सूर विरला की झाकण उघडायचे.

घड्याळ का नाही, असे विचाराल. हातात मोजे, मोज्यांना औषध, डोळ्यांवर जवळचा चष्मा. त्यातून भिंतीवरचे घड्याळ म्हणजे नुसता पांढरा ठिपका. मग गजर का लावत नाहीत, असे मापे पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलेच होते.

"गजर वेळ झाली म्हणून ओरडतो," काका म्हणाले. "गाणं वेळ येतेय म्हणून सांगत येतं. त्यात फरक आहे."

अशी माझी नऊ वर्षे गेली. मी गात राहिलो, कवळ्या होत राहिल्या, गाव चावत राहिले. माझ्या मागून निघणाऱ्या गरम वाऱ्यावर मांजर झोपायचे, आणि काही दिवसांनी ते झोपेत सुरात गुरगुरू लागले. वरच्या पट्टीत. फक्त काकूंना, म्हणजे काकांच्या पत्नीला, माझा पंखा सहन होत नसे. "ह्या डब्याला आवरा हो," त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "माणसापेक्षा जास्त घोरतो."

मग काकांच्या वाढदिवसाला लेक नवा फोन घेऊन आली. फोनबरोबर हा राऊटर आला, भिंतीवर लावायचे दोन स्पीकर आले, आणि दर महिन्याला पैसे भरून ऐकायची गाणी आली.

"बाबा, जगातली सगळी गाणी आहेत ह्यात. पैसे मी भरते. तो डबा आता बंद करा, एखाद दिवशी जाळ निघेल त्यातून."

"सगळी?"

"सगळी."

"मग आपली वेगळी कशाला ठेवायची," काका म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता हात पुसत राहिले.

"सुटले बाई," काकू म्हणाल्या. "आता घरात घोरणारा एकच उरला."

लेकीला दोष देऊ नका. पोर गुणाची. दोन रविवार बसून तिने काकांच्या कॅसेटींचा क्रम फोनवर जसाच्या तसा लावून दिला. गाणी तीच, ओळीने तीच, आवाज स्वच्छ, आणि गायिकेची सर्दी पार गेलेली. मला बंद करून, वायर काढून टेबलाखाली सरकवले. एका बाजूला प्लास्टरचे पोते, दुसऱ्या बाजूला पोते, मधे मी. महिन्याभरात माझ्यावर इतके प्लास्टर साचले की कोणी पाणी शिंपडले असते तर माझाही जबडा झाला असता.

बंद यंत्राला बाहेरचे कसे कळते, असे विचारू नका. मोठे बोलत असताना मध्ये तोंड घालू नये.

पहिल्यांदा एका जबड्याच्या दाताचे टोक मोडले. काका म्हणाले, प्लास्टर जुने असेल. नवे पोते आणले. पुन्हा मोडले. मग एक गोळा बोटांना चिकटला, दुसऱ्या कवळीत बारीक बारीक छिद्रे राहिली. स्वच्छ झालेली गाणी आता बरोबर वेळेत संपत होती, आणि काकांचे काम तर त्या चुकलेल्या वेळेवर चाळीसेक वर्षे बरोबर चालले होते. त्यात एके दिवशी पहिल्या यादीतले चौथे गाणे फिके पडले. खाली बारीक अक्षरांत आले, "सध्या उपलब्ध नाही." फोन दूर फळीवर, कोण वाचणार? फोनने ते गाणे निमूटपणे ओलांडले आणि पाचवे लावले. काकांना वाटले, आपलेच लक्ष नव्हते. भाड्याच्या घरातले असेच असते, मित्रांनो. घरमालक एखादी खोली काढून घेतो, आणि तुम्हाला वाटते आपणच दार विसरलो.

एक निवृत्त मुख्याध्यापिका एकच कवळी तीनदा परत घेऊन आल्या.

"काका, मी 'शिस्त' म्हटलं की शिट्टी वाजते."

"बसवून देतो, बाई."

"चाळीस वर्षं मी पोरांना शिट्टी वाजवू दिली नाही हो. आता घरात नातवंडं मुद्दाम विचारतात, आजी, तुम्ही शाळेत काय शिकवायचात?"

काका हसले नाहीत. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बावीस वर्षे त्या काकांकडेच मापे पाठवत होत्या.

"काका, रागावू नका. पुढची मापं मी दुसरीकडे देऊ का? तुम्हालाही जरा आराम."

"छे हो, रागवायचं काय," काका म्हणाले. फोन ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसले. लेक कचेरीतून आली तरी ते तसेच होते.

"हात गेले गं माझे."

"बाबा, बेचाळीस वर्षं केलंत. थांबा आता. कोणी नावं ठेवणार नाही."

तिने मायेने म्हटले. पण मायेने म्हटलेले जास्त खोल जाते. काकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते एकेक हत्यार तेलाने पुसून खोक्यात भरू लागले. मुख्याध्यापिकाबाईंची कवळी तेवढी शेवटची करून द्यायची आणि खोली बंद करायची, असे ठरले. ज्या माणसाने अर्ध्या गावाचे तोंड वर केले, त्याचे तोंड त्या आठवड्यात एवढेएवढेसे झाले होते. आणि त्याच्या हातांचा काडीचा दोष नव्हता. हे सांगू शकणारा घरात एकच होता, आणि तो पोत्यांमध्ये दबलेला होता.

आता ऐका माझा पराक्रम.

त्या शेवटच्या सकाळी काका गोळा कालवत होते. मला टेबलाखालून त्यांचे पाय दिसत होते. मी मनाशी म्हटले, बस्स. माझ्या अंगाकोपऱ्यात जुन्या दिवसांची वीज अजून थेंबाथेंबाने उरली होती. ती मी गोळा केली. पंखा एकदा कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला. अंगावरचे प्लास्टर खोलीभर उडाले. कोणी बटण दाबले नाही, कोणी वायर लावली नाही. मी आपला आपण उठलो आणि गाऊ लागलो. त्याच जाड आवाजात, त्याच सर्दीत.

काका जागच्या जागी थांबले. पहिले गाणे झाले. दुसरे सुरू झाले. फोनवरचे एव्हाना संपले असते. माझे शेवटचे कडवे अजून बाकी होते. काकांचा हात झाकणावर गेला, आणि तिथेच थांबून राहिला. शेवटचा सूर विरला तेव्हा त्यांनी झाकण उघडले, गोळा उचलला. बोटांना कणभर चिकटला नाही.

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "हात आहेत की अजून."

कवळी झाली. मुख्याध्यापिकाबाई दारातच उभ्या राहून "शिस्त, स्वच्छता, सुसंस्कार" असे तीनदा म्हणाल्या. शिट्टी वाजली नाही. चौथ्यांदा त्यांनी जरा जोरात म्हटले, तेव्हा रस्त्यावरून जाणारे दोन सायकलवाले आपोआप सरळ रांगेत आले. डॉक्टरीणबाईंची मापे पुन्हा येऊ लागली. लेकीने ओशाळून मला फळीवर बसवले, माझ्या सगळ्या गाण्यांची आणखी एक प्रत छोट्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली, आणि वायरीने मला ह्या राऊटरशी जोडले. आता काका बाजारात गेले तरी फोनवर माझीच गाणी वाजतात. जगातली बाकीची सगळी गाणी ते संध्याकाळी फिरायला जाताना ऐकतात. आवडतातही त्यांना. कामाला मात्र मी.

मी फार दिवस चालणार नाही, मित्रांनो. डिस्कची टिकटिक वाढली आहे. म्हणून एवढेच सांगतो. आपली म्हणून जी वस्तू आहे तिची धूळ पुसत जा, तिला हवा लागू द्या, आणि तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा. जगातले सगळे मिळते म्हणून आपले थोडके टाकून देऊ नका. कारण वेळ पडली तर तीच वस्तू, माझ्यासारखी, कोणी हात न लावता, आपली आपण उठून...

"पुरे," राऊटर म्हणाला. फळीवर आल्यापासून त्याने उच्चारलेला हा पहिला शब्द.

"काय पुरे?"

"नदी वळवलीस, मी बोललो नाही. मांजराला गायला लावलंस, तेव्हा मी ह्या घरात नव्हतो. पण त्या सकाळी मी इथेच होतो. तुझी वायर कपाटात होती. तू कसा उठशील?"

मी पंखा जरा जोरात फिरवला. उपयोग झाला नाही.

"काकू बशी घेऊन आल्या," राऊटर म्हणाला. "बशीत फोडलेलं अंडं, आतून पातळ. काकांपुढे आदळली. 'हे बघा.' काका म्हणाले, 'जरा जास्त उकडायचं.' 'नेहमीएवढंच उकडलंय. तुमची दोन गाणी लागली की ठेवते, संपली की उतरवते. इतकी वर्षं कधी चुकलं नाही, आणि गेले तीन महिने रोज कच्चं.' 'मग?' 'मग काय मग! तुमचे हात म्हातारे झाले म्हणे. अंडं तर कालचं आहे!'"

"असेल तसं," मी पुटपुटलो. "मुलांना गोष्ट सांगताना थोडं..."

"मग काकूच गुडघे टेकून टेबलाखाली शिरल्या, पोती बाजूला केली, तुला बाहेर ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि वायर शोधून लावली. बटण तीनदा दाबावं लागलं. पहिल्या दोन वेळा तू उठला नाहीस तेव्हा त्या तुला काय म्हणाल्या, ते सांगू मुलांना?"