हजेरी लागलेली मुलगी

शालूबाई डब्यात शेंगदाण्याचे लाडू दाबून दाबून भरत होत्या आणि समोर खाटेवर बसलेली निशिगंधा मधल्या दाराकडे डोळे लावून होती. आत मोरीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. मुलगी अंघोळीला गेली असेल, येईल आता बाहेर, अशा समजुतीने तिने सावकाश चहा संपवला.

निशिगंधा पुण्याच्या एका संस्थेतर्फे मुलींच्या शिष्यवृत्ती योजनेचं मूल्यमापन करायला कोल्हापुरात आली होती. योजना साधी होती. खेड्यातल्या मुलीने शहरातल्या वसतिगृहात राहून अकरावी-बारावी करायची. महिन्याची हजेरी भरली की शिष्यवृत्ती थेट आईच्या खात्यात, आणि मुलीमागे वसतिगृहालाही अनुदान. कागदावर अशा योजनांची नेहमीच भरभराट असते, हे ती याच कामात मुरल्यामुळे जाणून होती. पण इथली हजेरी पाहून तिलाही बरं वाटलं होतं. अहवालाच्या मसुद्यात तिने ‘अनुकरणीय’ असा शब्द टाकून ठेवला होता. तो शब्द ती सहसा कुणाला देत नसे.

सकाळी ती कळंब्याकडच्या त्या वसतिगृहात जाऊन आली होती. रेक्टरबाईंनी आग्रहाने पोहे खाऊ घातले, खोल्या दाखवल्या. मुली कॉलेजला गेल्यात म्हणाल्या. गाद्या सरळ, चादरींच्या घड्या नीट, दोन्ही मजल्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर एकही ओला कपडा नाही. मुलींचं वसतिगृह इतकं टापटीप असू शकतं, याचं निशिगंधाला कौतुकच वाटलं. मुलाखतीसाठी निवडलेल्या मुलींत तेजस्वीचं नाव होतं. तिची चौकशी केली, तर बाई म्हणाल्या, ती कालच गावी गेली, मावशीचं लग्न आहे. मग घरीच गाठू या, म्हणून निशिगंधा मुरगूडच्या पुढच्या या गावात आली होती.

“काकी, तेजस्वीला बोलवता का? थोडं बोलते आणि निघते. लग्नाच्या गडबडीत तुमचा खोळंबा नको.”

“कुनाचं लगीन?”

“तिच्या मावशीचं.”

शालूबाई मोकळेपणी हसल्या. “मला भन कुठली वो? तीन भावांत मी एकली. आनि तेजू हितं कशी आसंल? ती वसतिगृहावर न्हाय का!”

“मग आत कोण आहे?”

“आत? कोन न्हाय. नळ आलाय, बॅरल भरतंय.”

काहीतरी घोटाळा असेल, दुसऱ्या कुठल्या मुलीच्या मावशीचं लग्न असेल, बाईंनी नाव चुकवलं असेल, असं निशिगंधाने मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना. तिने मांडीवरचा टॅब हळूच पालथा ठेवला.

“शेवटची कधी आली होती ती?”

“दिवाळीला की. आता संक्रांत झाली.” शालूबाईंनी आणखी एक लाडू डब्यात कोंबला. “म्हैन्यामागं ह्ये गेलते बघायला. कागलच्या एमआयडीसीत हाईत, रजा टाकून गेलते. तर म्हनं परीक्षा चालू हाय. गेटावरनंच लावून दिलं.”

“आणि फोन?”

“पोरींस्नी ठिवू देत न्हाईत. बाईंस्नी लावला की म्हनत्यात, अभ्यासाला बसलीया. पोरगी शिकायला लागलीया तर आपन कशाला सारखं पिडायचं? पर आमास्नी कळतंय की.”

“काय कळतं?”

“बरी हाय म्हनून!” एवढ्या शिकलेल्या बाईला एवढंही कसं उमगत नाही, असं शालूबाईंच्या चेहऱ्यावर होतं. “हजेरी लागली तरच पैसं पडत्यात न्हवं? पोरगी वर्गात नसंल तर मेसेज न्हाय. मेसेज आला की ह्ये म्हनत्यात, बघ, तेजूचा आवाज आला. सरकार काय उगं देतंय व्हय?”

निशिगंधाच्या डोळ्यांपुढे ती सकाळची दोरी आली. पहिल्या मजल्यावरची, दुसऱ्या मजल्यावरचीही. एवढ्या मुली राहतात आणि एक ओढणी वाळत नाही. हे सकाळी आपल्याला खटकलं कसं नाही, याची तिला स्वतःचीच चीड आली. तिने पदराला हात पुसणाऱ्या शालूबाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

खिडकीतला मोबाइल वाजला. एकदाच, बारीकसा.

“आलाच बघा!” शालूबाई लगबगीने उठल्या आणि तो तिच्या हातात देत म्हणाल्या, “वाचा की. मला बारीक अक्षर दिसत न्हाय.”

निशिगंधाने वाचलं. तेजस्वीची या महिन्याची हजेरी पूर्ण होती. शिष्यवृत्ती खात्यात जमा झाली होती.

“म्हटलं न्हवतं?” शालूबाईंचं तोंड खुललं. त्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला. झाकण बसत नव्हतं, ते त्या तळव्याने दाबत राहिल्या. “येवढा तिला द्या. तुमी जानार की पुन्हा तिकडं. सकाळी गेलता न्हवं? कालेजात आसंल तवा, आता दिसंल. रोडावलीया का बघा हो.”

निशिगंधाने डबा घेतला नाही. बोलली तेव्हा आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“काकी, तेजस्वीच्या बाबांना फोन लावा. कामावर असतील तरी लावा. आत्ताच्या आत्ता बोलवून घ्या.”

आत बॅरल भरून वाहू लागलं होतं. एरवी अशा आवाजाला धावत जाणाऱ्या शालूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा तळवा झाकणावर तसाच राहिला.

“का वो?” त्या म्हणाल्या, आणि मग अगदी हळू, “पैसं तर आल्यात की.”